तीन विसा तेरा

“आजी, शंभरातून सात गेले, तर किती राहिले?”

डॉक्टर मुलगा जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. आवाज मऊ, समोर स्मरणशक्ती तपासायचा छापील कागद, त्यावर चौकोन. त्याआधी तारीख विचारून झाली होती. आत्या म्हणाली, “परवा एकादस झाली, म्हंजी आज तेरस,” आणि त्याने फुली मारली. वय विचारलं, तर “चार इसा न् तीन”. त्याने आधार कार्ड बघून ८३ लिहून घेतलं. आता सातांची पाळी. आत्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग टेबलाच्या काचेखाली सरकवलेल्या गणपतीच्या चित्राकडे, आणि पदराखाली तिचा उजवा हात हलायला लागला. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. मी शेजारी होते म्हणून मला दिसत होतं, त्याला नाही. “चार इसा न् तेरा,” ती म्हणाली. “काय?” “चार इसा तेरा.” तो माझ्याकडे बघायला लागला, आणि मी आत्याच्या कानाशी वाकून म्हटलं, “अगं, त्र्याण्णव म्हण.” ती म्हणाली, “त्येच की.” मग परत सात, “चार इसा सहा.” परत सात, “तीन इसा एकोनीस.” त्यापुढे जरा वेळ गेला. अंगठा दोनदा पेरांवरून फिरून आला. “तीन इसा तेरा.” “बरं आजी, राहू द्या,” असं म्हणून त्याने पाच गुणांच्या त्या प्रश्नापुढे एक शून्य काढलं. सुबक, एका फटक्यात.

खाली येऊन रिक्षात बसलो. सॅनिटायझरचा वास अजून दोघींच्या हातांना होता. राजाराम पुलावर नेहमीसारखं तुंबलं होतं. आत्या म्हणाली, “पास झाले का गं?” मी म्हटलं, “झालीस.” ती खूश होऊन नदीकडे बघत राहिली, म्हणजे नदीच्या नावाने तिथे जे वाहतं त्याकडे.

त्या शून्याचा राग आला होता, नाही असं नाही. पण रात्री झोप लागेना ती त्यामुळे नाही. माझं ते कुजबुजणं मला लागलं होतं. ‘त्र्याण्णव म्हण.’ परीक्षेला बसलेल्या पोराच्या मागे उभं राहून बापाने खुणा कराव्यात तसा माझा स्वर होता. तिने बरोबर उत्तर दिलं होतं. मला ते कळलं होतं. तरी मी तिला तिचं बरोबर उत्तर माझ्या बोलीत म्हणायला सांगत होते.

वेल्ह्याकडच्या आमच्या गावात आत्या शाळेत गेली ती म्हशीला शोधत, असं वडील चेष्टेने म्हणायचे. वडील सातवी झाले, पुण्यात आले, प्रेसमध्ये लागले, पर्वतीच्या पायथ्याशी दोन खोल्या घेतल्या. बहीण मागे राहिली, तिच्याबरोबर विसाही मागे राहिल्या. मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी जायचे तेव्हा तिचा हिशोब बघत बसणं हा माझा उद्योग असायचा. गोवऱ्या मोजताना ती एकेक उचलायची, आणि पहिल्या गोवरीला ‘एक’ म्हणायची नाही, ‘लाभ’ म्हणायची. वीस झाल्या की चुलीतला विझलेला कोळसा घेऊन कुडाच्या भिंतीवर एक रेघ. परत लाभ. संध्याकाळी भिंतीवर सात रेघा आणि खाली अकरा सुट्या गोवऱ्या असल्या, तर ‘सात इसा अकरा’. शहाण्या भाचीने सांगावं, ‘म्हणजे एकशे एक्कावन्न’. तिने मान हलवावी, कौतुकाने, पण त्या शब्दाची तिला काही गरज नसल्यासारखी. अंडी तशीच, लावणीच्या वेळी भाताच्या रोपांच्या मुठीही तशाच. रेघ म्हणजे वीस आणि गोवरी म्हणजे एक, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. आणि मला शाळेत ‘स्थानिक किंमत’ नावाचा धडा शिकूनही कितीतरी दिवस कळलेलं नव्हतं.

शिवाय तिला शब्द किती लागायचे? फक्त वीस. वीस शब्दांत तिचं जग मावायचं. आम्हाला शंभर लागले, आणि तेही एकेक नमुनेदार. एकोणऐंशी म्हणताना ऐंशी ऐकू येतात पण असतात सत्तरातले. त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव ही चार भावंडं माझी मुलगी पाचवीपर्यंत एकमेकांच्या जागी घालत होती. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ आलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात हलकल्लोळ झाला. मंगला नारळीकरांसारख्या गणितात आयुष्य घालवलेल्या बाईंना पुन्हापुन्हा समजावून सांगावं लागलं की मुलांना जोडाक्षरांत अडकू न देता संख्या कळावी एवढाच हेतू आहे. त्या वेळी मीही नाक मुरडणाऱ्यांत होते. ‘सत्तर तीन’ काय, पानवाल्याचा हिशोब आहे का? आता वाटतं, मराठी बुडाली म्हणून ओरडणाऱ्या आम्हा कोणालाच हे आठवलं नव्हतं की आमच्याच आज्या-आत्या ‘तीन विसा तेरा’ म्हणून मोकळ्या होत होत्या, आणि तीही मराठीच होती.

रात्री मुलीला हे सगळं सांगितलं. ती शाळेत तीन वर्षं फ्रेंच शिकलेली, पुण्यातल्या निम्म्या मुलांसारखी, म्हणजे क्रेप मागवण्यापुरतं येतं. ती एकदम उठून बसली. “आई, फ्रेंचमध्ये त्र्याण्णव म्हणजे कत्र-व्हँ-त्रेझ. चार वीस तेरा!” मी तिला पुढचे आकडे विचारत गेले. शहाऐंशी, चार वीस सहा. एकोणऐंशी, साठ दहा नऊ. म्हणजे आत्याने तीच उत्तरं पॅरिसमधल्या एखाद्या दवाखान्यात दिली असती, तर तिथल्या डॉक्टरच्या भुवया हलल्याही नसत्या. डॅनिश लोक तर आणखी पुढे. त्यांचा सत्तरचा शब्द मुळात ‘अर्धा-चौथा वीस’ असा आहे: तीन विसा पुऱ्या आणि चौथी अर्धी, साडेतीन विसा. हे वाचल्यावर मला हसूच आलं, कारण वडील पहाटे आम्हाला उठवून पावकी-निमकी म्हणायला लावायचे, त्यात शेवटी यायची औटकी. औट एके औट, औट दुणे सात. औट म्हणजे साडेतीन, आणि तो शब्द आला ‘अर्धचतुर्थ’ या संस्कृत शब्दावरून. अर्धा चौथा. कोपनहेगनमधला भाजीवाला आणि पर्वती पायथ्याचा कंपोझिटर एकाच रीतीने साडेतीन म्हणत होते, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

अशा उत्साहात मी लॅपटॉप उघडला. डॉक्टरला पत्र लिहायचं ठरवलं. कडक नाही, समजुतीचं. ‘आपण तपासलेल्या रुग्णा वीसच्या पायावर मोजतात, त्यांची उत्तरं खालीलप्रमाणे वाचावीत’ असं लिहून मी खाली एक तक्ता केला. डावीकडे तिचे शब्द, उजवीकडे आपले आकडे. चार विसा तेरा, ९३. चार विसा सहा, ८६. तीन विसा एकोणीस, ७९. तीन विसा तेरा, ७३.

एकोणऐंशीतून सात गेले, तर बहात्तर उरतात.

मी तक्ता परत वाचला. आपण चुकीचं ऐकलं असेल म्हणून आठवून बघितलं. नाही, ‘तेरा’च म्हणाली होती, तो अंगठा दोनदा फिरला होता. रिक्षात, जेवताना, मुलीशी गप्पा मारताना मी ती चार उत्तरं दहा वेळा तरी घोळवली होती आणि एकदाही चौथं तपासलं नव्हतं. तिची बाजू घेण्याच्या नादात मीही डॉक्टरसारखंच वागले होते. त्याने काही न ऐकता शून्य दिलं, मी काही न ऐकता पैकीच्या पैकी. पॅरिसमध्येही चौथं उत्तर चुकलंच असतं. तिथे ते सोआसाँत-त्रेझ झालं असतं, साठ तेरा, पण चूकच. पत्र तसंच ठेवून मी झोपले. ते अजून ड्राफ्टमध्ये आहे.

मग ते ७३ माझ्या मागे लागलं. दुखऱ्या दाताला जीभ लागत राहते तसं. बीएस्सीला गणित होतं, नंतर पंचवीस वर्षं बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळण्यात गेली. आकडा सोडवत नाही तेव्हा मी त्याला वेगवेगळ्या पायांवर लिहून बघते, म्हणजे दहा-दहाच्या गठ्ठ्यांऐवजी सात-सातच्या, आठ-आठच्या, बारा-बाराच्या गठ्ठ्यांनी मोजून. कोणी सुडोकू करतं, कोणी विणतं, तसं हे. ७३ ही मूळ संख्या. तिची शेजारीण ७१ सुद्धा मूळ, म्हणजे ही जोडमूळ. गावच्या पंगतीत ७३ पानं मांडायची झाली, तर सारख्या ओळी होणारच नाहीत: एकच लांबलचक ओळ करा, नाहीतर कुठेतरी एक पान जास्त किंवा कमी. वाढप्याला दहापर्यंत मोजता येवो किंवा विसापर्यंत, की मोजताच न येवो, त्याने काही फरक पडत नाही. पानं जमिनीवर आहेत आणि ती सारखी बसत नाहीत. मूळपणा हा असा पानांत असतो, आकड्यांच्या लिपीत नसतो.

आणि तरी चेहरा किती बदलतो! सातच्या पायावर ७३ लिहिलं की १३३ दिसतं: एक एकोणपन्नास, तीन साते आणि वर तीन. (सातवरून आठवलं: वारांच्या नावाच्या पेठा हा पुण्याचा सातचा पाया. सोमवार ते रविवार सात अंक वापरून झाले, मग शहर वाढलं तसे सदाशिवरावभाऊ आणि नारायणराव हे आठवे-नववे अंक म्हणून घ्यावे लागले. जगात दुसरीकडे कुठे अंक संपले म्हणून पेशव्यांच्या घरातली माणसं वापरली असतील असं वाटत नाही.) बाराच्या पायावर ते ६१, सहा डझन आणि वर एक केळं. नऊच्या पायावर ८१, आणि तिथे ते डोळ्यांना नवाचा वर्ग वाटतं, पण आतून तेच हट्टी ७३, कशानेही भाग न जाणारं. बहात्तरच्या पायावर ११. आणि स्वतःच्याच, त्र्याहत्तरच्या पायावर १०. आपापल्या पायावर प्रत्येक संख्या ‘१०’च दिसते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एस. पी. कॉलेजच्या मागच्या बाकावर होते आणि काही दिवस ते कोणाला सांगावं हेच सुचत नव्हतं.

असल्या खेळाला खरे गणितज्ञ फारसं मानत नाहीत. रामानुजनांना इंग्लंडला बोलावून घेणारे हार्डी यांनी एक उदाहरण दिलं आहे: ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. हे कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही, असं त्यांचं मत. का? कारण असली विधानं फार एकेकटी, त्यांतून व्यापक काही निघत नाही. मी त्यात माझ्याकडून जोडते: ही गंमत त्या दोन संख्या दहाच्या पायावर लिहिल्या म्हणून दिसते. ती संख्येची नव्हतीच, आपण दहाने मोजतो याची होती. एका अमेरिकन मालिकेमुळे प्रसिद्ध झालेली ७३ ची गोष्टही याच जातीची. ७३ ही एकविसावी मूळ संख्या, उलटं केलं की ३७, ती बारावी; आणि सात त्रिक एकवीस. असा योग सगळ्या मूळ संख्यांत फक्त ७३ चाच येतो हे कार्ल पॉमरन्स आणि ख्रिस स्पायसर यांनी २०१९ मध्ये सिद्ध केलं. इकडे महाराष्ट्र ‘साठ तीन’वर भांडत होता ते हेच वर्ष. सिद्धता अवघड आहे, मेहनत खरी आहे. पण आत्याच्या विसांत ७३ उलटवायला गेलं तर तीन विसा तेराचं तेरा विसा तीन होतं, म्हणजे २६३, आणि सगळा योग कोसळतो.

पण मग कापरेकरांचं काय करायचं? द. रा. कापरेकर डहाणूचे, शिकले आमच्या पुण्यातल्या फर्ग्युसन कॉलेजात, १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, आणि आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर राहिले. त्यांचं सगळं प्रेम अंकांच्या चेहऱ्यावर. त्यांचं ६१७४ सगळ्यांना माहीत आहे: सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी हेच येतं. मला जास्त आवडतात त्यांच्या देवळाली संख्या. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिचेच अंक मिळवा, नवी संख्या जन्मते. ५९ मध्ये पाच आणि नऊ मिळवले की ७३. म्हणजे ७३ चा बाप ५९. पण काही संख्यांना असा बापच सापडत नाही, त्या स्वयंभू. आत्याच्या उत्तरांतला ८६ तसा आहे. कितीही शोधा, ८६ ला जन्म देणारी संख्या नाही. दहाच्या पायावर नाही. वीसच्या पायावर मी शोधून बघितलं: चार विसा एक, त्यात चार आणि एक मिळवा, चार विसा सहा. ८६ ला बाप मिळाला! स्वयंभूपणा गेला. हार्डींनी खांदे उडवले असते. मला मात्र, का कोण जाणे, देवळालीच्या बाजूने बोलावंसं वाटतं. माणसं पायाशिवाय मोजत नाहीत. कोणाला दहा बोटं दिसतात, कोणी पायांचीही धरतं, कोणी पेरं मोजतं. संख्येचा चेहरा खोटा म्हणायचा, तर तो ज्यांना दिसतो त्या माणसांचं काय? इथवर आले की माझा युक्तिवाद लटपटतो, कारण बहात्तर डोळ्यांपुढे येतात. ते कुठल्याही पायावर बहात्तरच.

आठच्या पायावर ७३ मी शेवटी लिहिलं. खरं तर आधी लिहायला हवं होतं, माझ्या धंद्यात आठ रोजचा. सर्व्हरवरच्या फायलींना परवानगी देताना ७५५ असं जे टंकतो ते आठच्या पायावरचंच. चौसष्ट एके चौसष्ट, उरले नऊ, आठ एके आठ, उरला एक. १११. तीन काड्या शेजारी शेजारी. दहाच्या पायावर १११ ही मूळ संख्या नाही, ३७ त्रिक १११. आठच्या पायावर आहे. आणि मजा म्हणजे नुसत्या एकांनी लिहिता येणारी ती तिथली एकमेव मूळ संख्या आहे. दोन एक लिहा, नऊ होतात, तीन त्रिक. चार लिहा, ५८५, म्हणजे ९ गुणिले ६५. पाच लिहा, ४६८१, म्हणजे ३१ गुणिले १५१. पुढे कितीही एक जोडत जा, संख्या फुटतेच. आठ हा स्वतःच दोनाचा घन असल्यामुळे अशा प्रत्येक संख्येचे दोन तुकडे आधीच ठरलेले असतात. फक्त तीन एकांपाशी एक तुकडा नेमका सात निघतो, तो हिशोबातल्या भागाकारात कटून जातो, आणि ७३ अखंड राहतं. सिद्धता चार ओळींची आहे. मी ती किराण्याच्या यादीच्या मागे लिहिली आणि यादी फ्रिजवर तशीच लावली. यादीत गूळ आणि तूरडाळ होती, ती दोन दिवस आलीच नाहीत.

मग चौसष्ट, आठ, एक या तीन आकड्यांकडे बघताना वेगळंच काही जाणवायला लागलं. चौसष्ट पैशांचा रुपया. हे मी ऐकलेलं, वापरलेलं नाही. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मले. पण आमच्या घरात चार आणे, आठ आणे, बारा आणे पावली बंद होईपर्यंत चालू होते, म्हणजे शब्द चालू होते. रुपयाची निम्मी अधेली, तिची निम्मी पावली, तिची निम्मी चवली. चवलीचा निम्मा आणा, आण्याचा निम्मा ढब्बू, ढब्बूचा निम्मा पैसा. चौसष्ट, बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक. शून्य आणि एक एवढ्याच अंकांच्या ज्या द्विमान पद्धतीवर मी पंचवीस वर्षं पोट भरलं, ती माझ्या आजीच्या कमरेच्या पिशवीत खुळखुळत होती! प्रत्येक नाणं एकतर पिशवीत आहे, नाहीतर नाही. आणि ७३ द्विमानात लिहिलं की १००१००१, उलटसुलट सारखंच. म्हणजे रुपया आहे, अधेली नाही, पावली नाही, चवली आहे, आणा नाही, ढब्बू नाही, पैसा आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या बाल्कनीत पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. खाली सिंहगड रस्त्याचा नेहमीचा गोंगाट, वर कोणाच्या तरी घरी लसणाची फोडणी. तिच्या मांडीवर परात, शेजारी वर्तमानपत्रावर टरफलांचा ढीग. नखाने शेंगेची शीर काढायची, अंगठ्याने दाणे ढकलायचे. या कामात अंगठा कुठेच अडखळत नाही. मी समोर बसून सोलायला घेतलं. माझी एक शेंग होईपर्यंत तिच्या तीन.

“आत्या,” मी म्हटलं, “जुन्या पैशांत त्र्याहत्तर पैसे, म्हंजे तीन विसा तेरा पैसे. किती झाले?”

तिने वरही बघितलं नाही. “रुपाया, चवली न् पैसा.”

एवढं पटकन, की मला आधी वाटलं ती दुसरंच काही बोलली. दवाखान्यात पदराखाली चाललेली ती धडपड इथे नव्हती. मी पुढे विचारलं, चार विसा पैसे? “सवा रुपाया.” दोन विसा आठ? “बारा आणे. आता काय दुकान टाकतीस का काय?” मग तिने आपण होऊन सांगितलं की लग्नाआधी ती वेल्ह्याच्या बाजारात करवंदं घेऊन जायची. एक व्यापारी पोरींना बावळट समजून चवलीच्या जागी आणा टेकवायचा, आणि तिने एकदा भर बाजारात त्याची टोपी काढून त्यात उरलेली करवंदं ओतली होती. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती सांगताना हसली तेव्हा वरच्या बाजूचे दोन दात दिसले, तेवढेच राहिलेत.

मी इथेच थांबायला हवं होतं. डॉक्टरला पाठवायच्या पत्रात यापेक्षा चांगलं काय लिहिणार होते? रुपया, चवली, पैसा. १११. पण आकडा सोडवत नाही ही सवय वाईट, आणि मला खात्री करून घ्यायची होती की त्या दिवशी ती घाबरली होती, डॉक्टर, कागद, थंडगार एसी, मी कानाशी.

“आणि तीन विसा एकोणिसातनं सात गेले तर गं?”

शेंग तिच्या हातात राहिली. अंगठा बोटांवर गेला. एक पेर, दोन पेरं, मग करंगळीपाशी येऊन थांबला, परत पहिल्या बोटाशी गेला. खालून एका बसने लांबलचक हॉर्न दिला, तो संपेपर्यंत ती पेरं मोजत होती.

“तीन इसा तेरा.”

मी काही बोलले नाही. परातीतले दाणे बोटाने सारखे करत राहिले. तिने माझ्याकडे बघितलं, दवाखान्यात बघितलं होतं तसं, पण या वेळी माझ्याकडे कुजबुजायला काही नव्हतं.

“चुकलं व्हय?”

“एकानं,” मी म्हटलं.

“एकानंच ना,” ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.